शंभर कशाचे? शेंकडेवारीच्या हिशेबाविषयीं चार गोष्टी

पावसाळा तोंडावर आला असतांची गोष्ट आहे. नववींतील एका विद्यार्थिनीचे वडील तिला बरोबर घेऊन शाळेंत आम्हांस भेटावयास आले. घराच्या छपरावर नवे पत्रे घालावयाचे होते व त्यासाठीं त्यांस ३८,००० रुपये हवे होते. बँकेंत चौकशी केली तेव्हां 'दरसाल दरशेंकडा १२' असें उत्तर मिळालें होतें. गांवांतील एक गृहस्थ मात्र 'दोन रुपये शेंकडा' या दरानें त्याच दिवशीं पैसे मोजून देण्यास तयार होते. "गुरुजी, बारा कुठें आणि दोन कुठें! मग बँकेच्या पायऱ्या कशाला झिजवूं?" असें ते म्हणाले. कर्जरोख्यावर सायंकाळीं सही व्हावयाची होती. मुलीच्या परीक्षेविषयीं बोलण्यास म्हणून ते आले होते. हा विषय ओघानें निघाला.

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच मुलगी म्हणाली, "बाबा, ते दोन रुपये महिन्याला कीं वर्षाला, हें विचारलेंत का?"

वडील गप्प राहिले. त्यांनीं तें विचारलें नव्हतें. त्या दिवशीं शाळेच्या फळ्यावर जो हिशेब मांडला गेला तो या लेखाच्या शेवटीं देऊं. त्याआधीं, शेंकडेवारीचें गणित म्हणजे काय व त्यांत चूक नेमकी कोठें होते, याचा थोडा विचार आपण करूं. हा विषय केवळ परीक्षेपुरता नाहीं. बाजारांत, शेतांत, दुकानांत आणि कर्जाच्या कागदांत तो रोज आपणांस भेटतो. म्हणून मुलांबरोबर त्यांच्या पालकांनींही हीं पानें वाचावीं अशी आमची विनंती आहे.

शेंकडा म्हणजे शंभरांचा गट. 'शेंकडा १२' याचा अर्थ 'दर शंभरास १२', एवढाच. निरनिराळ्या लहानमोठ्या संख्यांची तुलना करावयाची तर त्यांस एकाच मापानें मोजावें लागतें. तें माप शंभराचें. एका विद्यार्थ्यास गणितांत ४० पैकीं ३६ गुण मिळाले व इतिहासांत ५० पैकीं ४२. नुसत्या आंकड्यांकडे पाहिलें तर ४२ मोठे दिसतात. परंतु शंभराच्या मापानें पाहतां गणितांत ९० व इतिहासांत ८४ होतात, आणि मुलाचें गणित चांगलें हें लगेच कळतें.

आपल्या वाडवडिलांचें माप शंभराचें नव्हतें, सोळांचें होतें. १ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे होत. त्यामुळें पुरी खरी गोष्ट ती 'सोळा आणे खरी', आणि पाऊण पीक हातीं लागलें तर 'बारा आणे पीक'. पिकाच्या अंदाजास म्हणूनच 'आणेवारी' म्हणत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि 'आणेवारी'च्या जागीं 'पैसेवारी' हा शब्द आला. आतां रुपयांतील प्रत्येक पैसा म्हणजे एक टक्का. माप बदललें, विचार तोच राहिला: पुऱ्या वस्तूचे समान भाग कल्पावयाचे आणि आपल्या वांट्यास त्यांतले किती आले तें सांगावयाचें.

तेव्हां शेंकडेवारीच्या प्रत्येक उदाहरणांत तीन गोष्टी असतात. पहिली, जिला आपण पुरे शंभर मानलें ती मूळ रक्कम. दुसरी, शंभरास किती हें सांगणारा दर. तिसरी, त्या दरानें प्रत्यक्ष येणारा भाग. यांपैकीं दोन ठाऊक असल्या म्हणजे तिसरी काढतां येते. ती काढण्याची जुनी व सोपी रीत म्हणजे त्रैराशिक.

त्रैराशिक आपल्याकडे फार पुरातन आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती' ग्रंथांत तें विस्तारानें आलें आहे. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ पाटणादेवीच्या परिसरांत एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद त्यांत आहे, ती इ. स. १२०७ च्या सुमाराची. म्हणजे हें गणित आठशें वर्षांपूर्वीं आपल्याच मुलखांत शिकविलें जात होतें.

त्रैराशिकांतील तीन राशींचीं नांवें अशीं: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण व इच्छा एकाच जातीच्या असाव्या. फल दुसऱ्या जातीचें. फलास इच्छेनें गुणावें व प्रमाणानें भागावें, म्हणजे इच्छेचें फल मिळतें. आतां तिन्ही प्रकारचीं उदाहरणें पाहूं.

उदाहरण पहिलें, भाग काढणें. साखर कारखान्यांत शंभर किलो उसापासून जितके किलो साखर निघते त्यास 'उतारा' म्हणतात. उतारा ११ टक्के असेल तर २५ टन, म्हणजे २५,००० किलो, उसापासून साखर किती? येथें प्रमाण १०० किलो ऊस, फल ११ किलो साखर, इच्छा २५,००० किलो ऊस.

११ × २५,००० ÷ १०० = २,७५० किलो साखर.

उदाहरण दुसरें, दर काढणें. वर्गांत ४५ मुलें आहेत. त्यांपैकीं ३६ हजर आहेत. हजेरी शेंकडा किती? ४५ मुलांत ३६ हजर, तर १०० मुलांत किती? प्रमाण ४५, फल ३६, इच्छा १००.

३६ × १०० ÷ ४५ = ८०.

उदाहरण तिसरें, मूळ रक्कम काढणें. दुकानदारानें शेंकडा १० सूट देऊन एक छत्री ७२० रुपयांस दिली. तिची छापील किंमत काय? पुष्कळ मुलें येथें ७२० चे दहा टक्के, म्हणजे ७२ रुपये, काढून ते ७२० मध्यें मिळवितात व ७९२ हें उत्तर देतात. तें चूक आहे. सूट ७२० वर दिलेली नाहीं. छापील किंमतीवर दिली आहे. शंभर मानावयाचे ते छापील किंमतीस. तिचे शंभर धरले तर गिऱ्हाइकानें ९० दिले. ९० दिले तेव्हां किंमत १००, तर ७२० दिले तेव्हां किती?

१०० × ७२० ÷ ९० = ८०० रुपये.

पडताळा पाहावा: ८०० चे दहा टक्के ८०, ८०० वजा ८० बरोबर ७२०. उत्तर जमलें. मुलांनीं पडताळ्याचा कंटाळा कधींही करूं नये. चुकीच्या उत्तराचा पडताळा पाहिला असता तर ७९२ मधून ७९ रुपये २० पैसे वजा होऊन ७१२ रुपये ८० पैसे उरले असते, आणि चूक तेथल्या तेथें पकडली गेली असती.

या तिसऱ्या उदाहरणांतच आमच्या सांगण्याचें सार आहे. शेंकडेवारींत गुणाकार-भागाकार चुकतो तो क्वचित्. बहुधा चुकतात ते शंभर. हिशेब मांडण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: शंभर कशाचे? ज्यास हा प्रश्न विचारण्याची संवय जडली त्याची फसगत सहसा होत नाहीं.

बाजारांतील पावतीचें उदाहरण घ्या. वस्तू व सेवा कर आपल्या देशांत १ जुलै २०१७ पासून लागू झाला. एका वस्तूची किंमत १८ टक्के करासह १,१८० रुपये आहे. तींत कर किती? कोणी १,१८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे म्हणेल. परंतु कर आकारला जातो तो करापूर्वींच्या किंमतीवर, शंभर तिचे. तिच्या शंभरांचे करासह ११८ होतात. ११८ मध्यें मूळ किंमत १००, तर १,१८० मध्यें १,०००. कर १८० रुपये. ज्यानें शंभर चुकीच्या ठिकाणीं मानले त्याच्या हिशेबांत ३२ रुपये ४० पैशांचा फरक पडला.

आणखी एक फसवें स्थळ म्हणजे टक्क्यांची बेरीज. दुकानावर पाटी असते: '२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के सूट'. गिऱ्हाईक मनांत ३० टक्के धरितो. परंतु पहिली सूट छापील किंमतीच्या शंभरावर आहे व दुसरी उरलेल्या ८० वर. ८० चे दहा टक्के ८. एकूण सूट २८, तीस नव्हे. त्याचप्रमाणें एखाद्या जिनसाचा भाव २० टक्क्यांनीं चढून पुन्हां २० टक्क्यांनीं उतरला तर तो पूर्ववत् होत नाहीं. १०० चे १२० झाले, १२० चे वीस टक्के २४ गेले, उरले ९६. चढतांना शंभर एक होते, उतरतांना शंभर दुसरे झाले.

मराठ्यांच्या इतिहासांत चौथाई व सरदेशमुखी हे शब्द आपण वाचतों. चौथाई म्हणजे शेंकडा २५ व सरदेशमुखी म्हणजे शेंकडा १०. दोन्ही हक्क एकाच वसुलावर धरिले तर बेरीज ३५ होते. परंतु आधीं दशांश बाजूस काढून उरलेल्याचीच चौथाई घ्यावयाची म्हटली तर १० व २२॥ मिळून ३२॥ च होतात. एवढ्या मोठ्या वसुलांत या अडीच टक्क्यांचा फरक किती लाखांचा होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. नियम असा कीं, ज्या टक्क्यांचे शंभर एक आहेत त्यांचीच बेरीज करावी. ज्यांचे शंभर निराळे त्यांची करूं नये.

आतां दुसरी रीत, समीकरणाची. जी संख्या ठाऊक नाहीं तिला 'क्ष' म्हणावें, उदाहरणांतील वाक्य जसेंच्या तसें चिन्हांत लिहावें, आणि मग क्ष ची किंमत काढावी. भास्कराचार्य आपल्या बीजगणितांत अज्ञात संख्येस 'यावत्तावत्' म्हणत व थोडक्यांत 'या' लिहीत. आपण 'क्ष' लिहितों. छत्रीचें उदाहरण या रीतीनें असें: छापील किंमत क्ष. क्ष मधून क्ष चे दहा टक्के गेले व ७२० उरले.

क्ष − (१०/१००) क्ष = ७२०
(९०/१००) क्ष = ७२०
क्ष = ८००

समीकरणाचा मोठा गुण असा कीं, तें लिहितांनाच 'शंभर कशाचे' याचें उत्तर द्यावें लागतें. दहा टक्के कोणाचे, क्ष चे कीं ७२० चे, हें ठरविल्याशिवाय लेखणी पुढें सरकतच नाहीं. एकाच उदाहरणांत दोन निराळे शंभर येतात तेव्हां तर समीकरणासारखा सोबती नाहीं.

तासगांवाकडील बेदाण्यांचें उदाहरण पाहा. समजा, ताज्या द्राक्षांत ८० टक्के पाणी आहे व वाळलेल्या बेदाण्यांत १५ टक्के. ८५ किलो द्राक्षांचे बेदाणे किती होतील? ८० मधून १५ वजा करून ६५ टक्के घट धरणारा बागाईतदार पस्तावेल. कारण ८० हे द्राक्षांच्या शंभरांतले आहेत व १५ हे बेदाण्यांच्या शंभरांतले. उन्हानें पाणी उडतें, गर उडत नाहीं. म्हणून गरावर दृष्टि ठेवावी. द्राक्षांत गर शेंकडा २०, म्हणजे ८५ किलोंत १७ किलो. बेदाणे क्ष किलो झाले तर त्यांत गर शेंकडा ८५.

(८५/१००) क्ष = १७
क्ष = २०

पंचाऐंशी किलो द्राक्षांचे वीस किलो बेदाणे झाले. ६५ टक्के घट धरणाऱ्यानें जवळजवळ तीस किलोंची आशा केली असती, आणि त्या आशेवर व्यापाऱ्यास शब्दही देऊन टाकला असता.

व्याजाच्या हिशेबांत 'शंभर कशाचे' याच्या जोडीस आणखी एक प्रश्न येतो: किती काळाचें? लीलावतींतही असें उदाहरण आहे कीं, शंभरास एका महिन्यास पांच व्याज, तर सोळांस एका वर्षास किती? येथें तीन राशी पुरत नाहींत. पांच लागतात, म्हणून त्यास पंचराशिक म्हणतात. ५ × १६ × १२ यांस १०० × १ नें भागलें कीं ९ पूर्णांक ३ पंचमांश हें उत्तर येतें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, आचार्यांनीं दर सांगतांना महिना सांगितला आहे. काळ सांगितल्याशिवाय व्याजाच्या दरास अर्थ नाहीं.

आतां त्या पालकांच्या कर्जाकडे वळूं. मुलीनें विचारल्यावर त्यांनीं तेथूनच त्या गृहस्थांस फोन केला. 'दोन रुपये' म्हणजे दरमहा, असें उत्तर आलें. वर्षाचें व्याज आधींच कापून घेण्याचा आमचा रिवाज आहे, असेंही त्यांनीं सहज सांगितलें. मुलीनें फळ्यावर हिशेब मांडावयास घेतला. दोन्हीकडे वर्षअखेर एकरकमी परतफेड करावयाची, असें तिनें सोयीसाठीं धरलें.

बँकेचें वर्षाचें व्याज: १२ × ३८,००० ÷ १०० = ४,५६० रुपये.

दरमहा दोन म्हणजे वर्षाचे चोवीस. २४ × ३८,००० ÷ १०० = ९,१२० रुपये. येथवर वडिलांचा चेहरा उतरला होता. पण हिशेब संपला नव्हता. व्याज आधींच कापलें तर ३८,००० च्या रोख्यावर हातांत २८,८८० च येणार. तेवढ्यांत पत्रे होत नाहींत. मग हातांत पुरे ३८,००० यावेत म्हणून रोखा किती रुपयांचा लिहून द्यावा लागेल? मुलीनें रोख्याच्या रकमेस क्ष म्हटलें.

क्ष − (२४/१००) क्ष = ३८,०००
(७६/१००) क्ष = ३८,०००
क्ष = ५०,०००

पन्नास हजारांचा रोखा! व्याज १२,००० रुपये. आणि तें प्रत्यक्ष हातीं आलेल्या ३८,००० वर. शंभर मानावयाचे ते हातीं आलेल्या पैशांस, रोख्यांतील आंकड्यास नव्हे. १२,००० × १०० ÷ ३८,००० म्हणजे सुमारें शेंकडा ३१॥ व्याज. सकाळीं जे 'दोन' होते ते फळ्यावर साडेएकतीस झाले, आणि जे 'बारा' मोठे वाटत होते ते बाराच राहिले.

वडील बराच वेळ फळ्याकडे पाहत उभे होते. मग ते मुलीस एवढेंच म्हणाले, "हें घरीं वहींत उतरून घे." सायंकाळची सही झाली नाहीं. बँकेचें कर्ज मंजूर होण्यास तीन आठवडे लागले. पहिला पाऊस आधींच आला. चार रात्री घरांत भांडीं मांडून ठेवावीं लागलीं. हा त्रास आम्ही लपवीत नाहीं. तो त्यांनीं समजूनउमजून सोसला, व पन्नास हजारांच्या रोख्यापासून ते वांचले.

आपल्या प्रांताच्या इतिहासांत या विषयाचें एक दुःखद पान आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे हिसकावून घेतले व जाळले. हें लोण त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतही पसरलें. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा करण्यांत आला. त्या दंग्याचीं कारणें अनेक होतीं, आणि केवळ गणित न येण्यामुळें तो झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं त्यावर अंगठा उठविण्याची पाळी कोणावर येऊं नये, एवढें तरी त्यापासून शिकावें. आज अंगठ्याच्या जागीं सही आली आहे. सही करणाऱ्यास हिशेब येत नसेल तर सही आणि अंगठा यांत अंतर तें काय राहिलें?

विद्यार्थ्यांनो, म्हणून शेंकडेवारीचा धडा परीक्षेच्या वहीबरोबर मिटवून ठेवूं नका. घरीं येणारी पावती, कर्जाचा कागद, दुकानाची पाटी, यांपैकीं आठवड्यास एक तरी घेऊन वडीलमाणसांसमोर तिचा हिशेब करून दाखवा. पालकांसही आमचें सांगणें आहे कीं, मुलानें एखादा प्रश्न विचारला तर 'तुला काय कळतें' असें म्हणून त्यास गप्प करूं नये. त्या दिवशीं नववींतील एका मुलीचा एक प्रश्न तिच्या घरास सात हजार चारशें चाळीस रुपयांस पडणारा खड्डा चुकवून गेला.

सरावासाठीं चार उदाहरणें देतों. प्रत्येकांत आधीं 'शंभर कशाचे' हें लिहावें, मग त्रैराशिकानें व समीकरणानें, दोन्ही रीतींनीं, उत्तर काढावें.

१. शेंकडा १५ सूट मिळून एक सायकल १,३६० रुपयांस पडली. तिची मूळ किंमत किती?

२. ३ टक्के कर धरून एका सोन्याच्या दागिन्याचे ५१,५०० रुपये झाले. करापूर्वींची किंमत किती?

३. कांद्याचा भाव २० टक्क्यांनीं उतरला. तो पूर्ववत् होण्यास शेंकडा किती चढावा लागेल?

४. दरमहा शेंकडा ३ प्रमाणें दहा महिन्यांचें व्याज आधींच कापून एका माणसाच्या हातीं ३५,००० रुपये आले. रोखा किती रुपयांचा?

उत्तरें: १) १,६०० रुपये. २) ५०,००० रुपये. ३) शेंकडा २५. ४) ५०,००० रुपये.